परदेशी नोकरी आणि पेन्शनचा हक्क : सोलापुरातून निघताना आणि परत आल्यावर काय करावे

सोलापुरातल्या गिरण्या चालू होत्या त्या काळात माणसाची नोकरी, त्याचा पीएफ आणि त्याचे म्हातारपण हे सगळे बहुधा एकाच शहरात पार पडत असे. आज पहिली नोकरी चिंचोळी एमआयडीसीत, दुसरी पुण्याला हिंजवडीत, तिसरी जर्मनीत किंवा जपानमध्ये आणि पुढे कधीतरी परत गावी, असा प्रवास जुळे सोलापूरपासून अशोक चौकापर्यंतच्या अनेक घरांत दिसतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, तेव्हापासून आयटीआय झालेली मुले आणि नर्सिंग केलेल्या मुलीही या वाटेची चौकशी करू लागल्या आहेत. पगार, व्हिसा, भाषेची परीक्षा, राहण्याची सोय यांबद्दल सगळे विचारतात. पेन्शनबद्दल मात्र फारच थोडे जण विचारतात. पंचविशीत हा विषय दूरचा वाटतो हे समजण्यासारखे आहे, परंतु हा हक्क टिकवण्याची निम्मी कामे विमानात बसण्यापूर्वीच करावी लागतात आणि ती राहून गेली तर पुढे दुरुस्ती करणे अवघड होते.

कामगारांचे पीएफचे अर्ज भरून देताना मला एक गैरसमज वारंवार आढळतो. आपण जिथे जाऊ तिथे आपली वर्गणी आपोआप आपल्या मागे येईल, असे लोकांना वाटते. तसे होत नाही. दोन देशांत करार असेल तरच दोन्हीकडच्या नोकरीची वर्षे एकमेकांत मोजली जातात, तीही आपण कागद दाखवून मागणी केली तर. करार का झाला, का झाला नाही आणि झाला तो अर्धवट का राहिला, यामागे प्रत्येक देशाचे राजकारण असते. ते थोडे समजून घेतले की आपल्या वाट्याला काय येणार याचा अंदाज आधीच बांधता येतो, म्हणून पुढे कृती आणि कारणे दोन्ही बरोबरच सांगितली आहेत.

प्रथम आपले पैसे कोणत्या थरात आहेत ते पाहा

बहुतेक देशांत म्हातारपणाच्या उत्पन्नाचे तीन थर असतात. सरकारने चालवलेले सक्तीचे पेन्शन हा पहिला, मालक किंवा उद्योगाच्या माध्यमातून मिळणारे पेन्शन हा दुसरा आणि स्वतः केलेली बचत हा तिसरा. देशादेशांतले सामाजिक सुरक्षा करार मुख्यतः पहिल्या थराला लागू होतात. दुसऱ्या थराचे, म्हणजे कंपनीच्या पेन्शनचे काय होणार, हे त्या देशाचा कायदा आणि त्या कंपनीच्या योजनेचे नियम ठरवतात. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे ‘करार आहे ना, मग सगळे मिळेल’ असा निष्कर्ष काढला जातो आणि निराशा पदरी पडते.

आपल्याकडचा हिशेब असा आहे. पगाराच्या १२ टक्के कामगार भरतो आणि तितकेच मालक भरतो. मालकाच्या हिश्श्यातील ८.३३ टक्के रक्कम कर्मचारी पेन्शन योजना १९९५, म्हणजे ईपीएसमध्ये जाते. मात्र १ सप्टेंबर २०१४ पासून त्यासाठी पगाराची मर्यादा १५,००० रुपये असल्यामुळे ती महिना १,२५० रुपयांवर थांबते. बाकीची सगळी रक्कम पीएफमध्ये जमा होते. पीएफ ही आपल्या नावावरची ठेव आहे आणि ती व्याजासह आपलीच राहते. पेन्शन हा मात्र सेवेच्या वर्षांवर अवलंबून असलेला हक्क आहे आणि त्यासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. करारातून वर्षांची बेरीज होते ती या दुसऱ्या भागाची.

म्हणून आज पीएफचे पासबुक उघडून पेन्शन वर्गणीचा रकाना पाहावा. ज्यांची पहिली नोकरी १ सप्टेंबर २०१४ नंतर सुरू झाली आणि ज्यांचा मूळ पगार व महागाई भत्ता सुरुवातीपासूनच १५,००० रुपयांच्या वर होता, ते ईपीएसचे सभासदच होत नाहीत. त्यांच्या मालकाचा पूर्ण हिस्सा पीएफमध्ये जातो. इंजिनिअरिंग करून थेट आयटी कंपनीत लागलेल्या अनेकांच्या पासबुकात हा रकाना शून्य असतो आणि त्यांना त्याची कल्पनाही नसते. रकाना शून्य असेल तर भारतीय बाजूने जोडण्यासारखे पेन्शन नाही, आणि म्हातारपणाची तरतूद वेगळ्या मार्गाने करायला हवी हे आत्ताच समजते.

ज्या देशात जायचे तिथला करार कोणत्या प्रकारचा आहे

भारताचा पहिला करार बेल्जियमशी झाला आणि तो १ सप्टेंबर २००९ पासून लागू आहे. त्यानंतर जर्मनी, स्वित्झर्लंड, डेन्मार्क, लक्झेंबर्ग, फ्रान्स, दक्षिण कोरिया, नेदरलँड्स, हंगेरी, फिनलंड, स्वीडन, चेक प्रजासत्ताक, नॉर्वे, ऑस्ट्रिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान, पोर्तुगाल आणि १ जानेवारी २०२४ पासून ब्राझील, अशी यादी वाढत गेली. कॅनडातील क्वेबेक प्रांताशी वेगळा करार आहे. अमेरिका या यादीत नाही. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत हेही नाहीत, म्हणजे आपल्याकडची माणसे मोठ्या संख्येने जिथे जातात तेच देश बाहेर आहेत.

करार असला तरी त्याने तीन वेगवेगळी कामे होतात आणि ती तिन्ही प्रत्येक करारात सारख्या प्रमाणात नसतात. भारतीय कंपनीने तात्पुरते पाठवलेल्या कर्मचाऱ्याला तिकडची वर्गणी माफ होणे, हे पहिले. दोन्हीकडची वर्षे मोजून पात्रता ठरवणे, हे दुसरे. आणि तिकडचे पेन्शन भारतात राहूनही मिळणे, हे तिसरे. आपल्याला यातले कोणते हवे आहे ते आपण कोणत्या वाटेने जात आहोत यावर अवलंबून असते.

वाटा दोनच आहेत. पुण्याची कंपनी आपल्या कर्मचाऱ्याला दोन-तीन वर्षांसाठी ग्राहकाच्या देशात पाठवते, तेव्हा त्याची नोकरी आणि पीएफ भारतातच चालू राहतो; त्याला पहिली सवलत हवी असते. याउलट सोलापूरच्या रुग्णालयातील नोकरीचा राजीनामा देऊन जर्मनीतल्या रुग्णालयात रुजू होणारी परिचारिका तिकडची कर्मचारी बनते आणि तिकडची वर्गणी तिला भरावीच लागते. तिला दुसरे आणि तिसरे काम महत्त्वाचे. एजंटांनी ‘सर्टिफिकेट काढले की तिकडे कापणार नाहीत’ असे सरसकट सांगितले तर ते मान्य करू नये, कारण ते फक्त पहिल्या वाटेला लागू आहे.

सगळ्या देशांचा एकच नियम का होत नाही

पेन्शन सगळीकडे सारखे करावे ही कल्पना जुनी आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सामाजिक सुरक्षेचे हक्क देश बदलला तरी टिकावेत यासाठी १९८२ मध्ये १५७ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार (कन्व्हेन्शन) संमत केला, पण त्याला मान्यता देणारे देश फारच थोडे आहेत. ज्या युरोपात माणसांना देशादेशांत मोकळेपणाने काम करता येते, तिथेसुद्धा सारखेपणा आलेला नाही. १९५८ च्या नियमांपासून आजच्या २००४ च्या ८८३ क्रमांकाच्या नियमापर्यंत युरोपने स्वीकारलेला मार्ग समन्वयाचा आहे. प्रत्येक देशाचे पेन्शन वेगळेच राहते. फक्त एका वेळी एकाच देशाचा कायदा लागू होतो, सगळीकडची वर्षे मोजली जातात आणि पेन्शन सीमेपलीकडे पाठवले जाते.

कंपनीच्या पेन्शनबाबत तर एवढेही सहज साधले नाही. नोकरी बदलून दुसऱ्या देशात जाणाऱ्या कामगाराला कंपनीचे पेन्शन गमवावे लागू नये, म्हणून युरोपीय आयोगाने २००५ मध्ये प्रस्ताव आणला. त्यात साठलेली रक्कम एका देशातून दुसऱ्या देशातील योजनेत हलवण्याचीही तरतूद होती. अडचण इथेच आली. जर्मनीत अनेक कंपन्या पेन्शनसाठी वेगळा निधी न ठेवता ती जबाबदारी स्वतःच्या ताळेबंदातच दाखवतात. सोडून जाणाऱ्या प्रत्येकाची रक्कम रोख द्यायची म्हटले तर कारखान्यात खेळणारे भांडवलच बाहेर काढावे लागेल. काही देशांना करसवलत आपण दिलेली आणि कर मात्र दुसऱ्या देशाने घ्यायचा, हे मान्य नव्हते. रक्कम हलवण्याचा भाग वगळल्यानंतरही वाटाघाटी लांबल्या आणि अखेर २०१४ मध्ये ५० क्रमांकाचा निर्देश संमत झाला, ज्याची अंमलबजावणी मे २०१८ पर्यंत करायची होती. त्यातून शिल्लक राहिलेला मुख्य हक्क एवढाच की कंपनीच्या पेन्शनवरचा कामगाराचा हक्क पक्का होण्यासाठी तीन वर्षांहून अधिक काळ थांबवून ठेवता येणार नाही, आणि तो हक्क नोकरी सोडल्यावर जपला गेला पाहिजे. जर्मनीने हा बदल २०१८ पासून आपल्या कायद्यात आणताना तो देशातल्या देशात नोकरी बदलणाऱ्यांनाही लागू केला, त्यामुळे तीन वर्षे काम करून वयाची २१ वर्षे पूर्ण केलेल्या आपल्या मुलांनाही त्याचा लाभ होतो. नोकरी सोडण्याची तारीख ठरवताना हे तीन वर्षांचे गणित जरूर पाहावे.

अमेरिकेची गोष्ट अधिक क्लेशदायक आहे. तिथे सोशल सिक्युरिटीसाठी कामगाराच्या पगारातून ६.२ टक्के आणि वृद्धांच्या आरोग्यविम्यासाठी १.४५ टक्के कापले जातात. पेन्शनला पात्र होण्यासाठी ४० क्रेडिट, म्हणजे कामाचे गुण लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त चारच मिळतात, म्हणजे किमान १० वर्षे. तिथल्या नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाची नेहमीची मर्यादा मात्र सहा वर्षांची आहे. मुदत संपवून परतणाऱ्या माणसाने भरलेली रक्कम तिथेच राहते, ती परत मागण्याची सोय नाही. भारत अनेक वर्षे कराराची मागणी करत आहे. परंतु असा करार करण्यासाठी समोरच्या देशाची योजना सर्वसाधारणपणे सर्वांना लागू असलेली हवी, अशी अट अमेरिकेच्या कायद्यातच आहे आणि आपला पीएफ कायदा मुळात २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे.

या ठिकाणी सोलापूरकरांनी थोडे थांबून विचार करावा असे मला मनापासून वाटते. यंत्रमाग कामगारांना पीएफ लागू करण्यावरून आपल्या शहरात झालेला वाद अनेकांना आठवत असेल. कामगारसंख्या कागदावर विभागलेली राहिली, कारखाने छोटे दाखवले गेले, आणि हजारो माणसे योजनेच्या बाहेर राहिली. टॉवेल विणणाऱ्या कामगाराला पेन्शन नसणे आणि त्याच्याच इंजिनिअर मुलाची डॉलरमधली वर्गणी बुडणे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे आपण समजतो. आपल्याच सर्व कामगारांना सामाजिक सुरक्षा न देणारा देश परदेशाशी बरोबरीने वाटाघाटी करताना दुबळा ठरतो, म्हणून मुळात हा एकच प्रश्न आहे. विडी वळणाऱ्या बायकांना मिळणारे महिना १,००० रुपयांचे किमान पेन्शन २०१४ पासून तसेच राहिले आहे. त्याविषयी बोलणाऱ्या संघटनांनी परदेशी करारांची मागणीही आपल्या निवेदनात जोडावी, आणि परदेशी मुले असलेल्या पालकांनी त्या बायकांच्या मोर्चाला पाठिंबा द्यावा.

ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये व्यापार करार झाला, त्यासोबत दुहेरी वर्गणी टाळण्याबाबतही सहमती झाली. तिकडे विरोधी पक्षांनी लगेच आरोप केला की ब्रिटिश कामगारापेक्षा भारतीय कामगार स्वस्त पडेल. तिथल्या सरकारने उत्तर दिले की अशा सवलती आपण इतर अनेक देशांनाही दिल्या आहेत. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की ही सहमती वर्गणी एकदाच भरण्यापुरती आहे. तिने वर्षांची बेरीज होत नाही. ब्रिटनच्या सरकारी पेन्शनसाठी किमान १० वर्षे लागतात, आणि भारतात राहणाऱ्या निवृत्ताचे ते पेन्शन दरवर्षी वाढत नाही, पहिल्या दिवशीच्या रकमेवरच गोठते.

भारतही या राजकारणात केवळ मागणी करणारा नाही. १ ऑक्टोबर २००८ पासून आपण परदेशी कर्मचाऱ्यांना पीएफ सक्तीचा केला आणि त्यांना पगाराची मर्यादा लागू केली नाही, पूर्ण पगारावर वर्गणी भरायला लावली. करार झालेल्या देशाच्या कर्मचाऱ्याला यातून सूट मिळत असल्यामुळे अनेक देशांना कराराची गरज भासू लागली. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ही तरतूद भेदभावाची म्हणून रद्द ठरवली, तर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती वैध मानली.

निघण्यापूर्वी

सर्वांत आधी नाव जुळवावे. हे काम क्षुल्लक वाटते, पण बहुतेक अर्ज इथेच अडतात. आपल्याकडे तेलुगू घरांत आडनाव आधी लिहिण्याची पद्धत आहे, मराठी घरांत मधे वडिलांचे नाव येते, लग्नानंतर मुलींचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलते. पीएफमध्ये एक क्रम, आधारवर दुसरा आणि पासपोर्टवर तिसरा, असे झाले की वीस वर्षांनी परदेशी कार्यालय ही एकच व्यक्ती आहे हे मानायला तयार होत नाही. पासपोर्टवरील नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव यांना प्रमाण मानून यूएएनची, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकाची नोंद दुरुस्त करून घ्यावी. जुन्या मालकाकडील रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख पोर्टलवर आहे का तेही पाहावे. छोट्या कारखान्यातली नोकरी असेल आणि तो बंद पडण्याच्या वाटेवर असेल, तर ही दुरुस्ती आजच करावी, कारण मालकाची सही नंतर मिळत नाही.

कंपनीमार्फत तात्पुरते जाणाऱ्याने कव्हरेज प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे वर्गणी भारतातच चालू असल्याच्या दाखल्याशिवाय निघू नये. ते ईपीएफओ, म्हणजे पीएफचे सरकारी कार्यालय देते आणि अर्ज मालकाच्या सहभागाने करावा लागतो, म्हणून कंपनीच्या एचआर विभागाला लेखी आठवण द्यावी. कोणत्या देशात, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, तिथली आस्थापना कोणती आणि पासपोर्ट क्रमांक काय, हे त्यात असते. हातात आल्यावर एकेक अक्षर तपासावे. त्याची मुदत करारागणिक वेगळी असते. बऱ्याच करारांत ती ६० महिने आहे, स्वित्झर्लंडसाठी ७२ महिने, तर स्वीडनसाठी २४ महिनेच. मुदत संपण्यापूर्वी वाढीचा अर्ज केला नाही, तर त्या दिवसापासून तिकडची वर्गणी सुरू होते.

राजीनामा देऊन जाणाऱ्याची सर्वांत मोठी चूक म्हणजे तिकिटाच्या आणि एजंटच्या खर्चासाठी पीएफबरोबर पेन्शनची रक्कमही काढून घेणे. १० वर्षांपेक्षा कमी सेवा असेल तर फॉर्म १०-सी भरून दोन पर्याय मिळतात: रक्कम काढणे किंवा योजना प्रमाणपत्र घेणे. रक्कम काढली की ती सेवा पुसली जाते आणि करारात मोजायला काही उरत नाही. योजना प्रमाणपत्र घेतले तर सेवा तशीच राहते. पैशांची अगदीच निकड असेल तर पीएफच्या ठेवीतून नियमात बसणारी आगाऊ रक्कम घ्यावी, पण पेन्शनला हात लावू नये. पूर्ण रक्कम काढण्याचे नियम ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने बदलण्याचे ठरवले. नोकरी सुटल्यावर पीएफसाठी १२ महिने आणि पेन्शनसाठी ३६ महिने थांबण्याची अट त्यात आहे. अर्जापूर्वी सध्याचा नियम कार्यालयात विचारून घ्यावा.

किती फरक पडतो ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एका परिचारिकेने सोलापूर आणि पुणे मिळून सात वर्षे ईपीएसची सेवा केली आणि नंतर जर्मनीत चार वर्षे काम करून ती परतली. भारतात पेन्शनला १० वर्षे लागतात, जर्मनीत पाच. वेगवेगळे पाहिले तर ती दोन्हीकडे अपात्र ठरते. २०१७ पासून लागू असलेल्या भारत-जर्मनी कराराने वर्षे एकत्र मोजली की अकरा होतात आणि ती दोन्हीकडे पात्र ठरते. रक्कम मात्र प्रत्येक देश आपापल्या वर्षांचीच देतो. भारताचे सूत्र पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले ७० असे आहे. १५,००० रुपयांना सात वर्षांनी गुणून ७० ने भागले की महिना १,५०० रुपये येतात. जर्मनीत सरासरी पगारावर वर्षाला एक गुण मिळतो आणि जुलै २०२५ मध्ये एका गुणाचे मूल्य महिना ४०.७९ युरो होते. चार वर्षांचे सुमारे १६३ युरो होतात, तेही आयुष्यभर. सात वर्षांचे पेन्शन काढून घेतले असते तर जर्मनीच्या पाच वर्षांच्या अटीसाठी दाखवायला आपल्याकडची वर्षे उरली नसती.

तिथे असताना आणि परतताना

पहिल्या पगारापासून विमा क्रमांक, नेमणूक पत्र, पगारपत्रके आणि दरवर्षी येणारे वर्गणीचे विवरण जपून ठेवावे, आणि त्याची एक प्रत सोलापुरातल्या घरी ठेवावी.

परतताना वर्गणी परत घेण्याचा मोह टाळणे हे त्याहून महत्त्वाचे. जपानमध्ये देश सोडल्यानंतर दोन वर्षांच्या आत एकरकमी परतावा मागता येतो आणि अनेक जण तो घेतात. पण तो घेतला की तो काळ पुसला जातो आणि भारत-जपान करारात तो मोजला जात नाही. जपानची पात्रता १० वर्षांची आहे. भारतातली वर्षे मिळवून ती पूर्ण होण्याची शक्यता असेल तर परतावा घेण्यापूर्वी हिशेब करावा. अवघी दीड-दोन वर्षे राहून आलेल्या आणि ईपीएस नसलेल्या मुलाने तो घेतला तर त्याला दोष देता येणार नाही. जर्मनीतही ठरावीक अटींवर देश सोडून २४ महिने झाल्यावर परतावा मिळू शकतो, परंतु तो फक्त कामगाराच्या हिश्श्याचा. मालकाने भरलेला अर्धा भाग जातो. ऑस्ट्रेलियातील सुपरअॅन्युएशन, म्हणजे मालकाने भरलेली निवृत्तीची ठेव, तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला देश सोडल्यावर काढता येते, त्यावर साधारणपणे ३५ टक्के कर कापला जातो. ब्रिटनमधील कंपनीचे पेन्शन आपल्या नावावर राहते, पण ५५ वर्षांपर्यंत, आणि एप्रिल २०२८ पासून ५७ वर्षांपर्यंत, त्याला हात लावता येत नाही; म्हणून योजनेला भारतातला पत्ता कळवून ठेवावा.

आखाती देशांत जाणाऱ्यांसाठी वेगळी दक्षता

त्या देशांनी आपापल्या नागरिकांसाठी एकमेकांत पेन्शनची व्यवस्था केली आहे; परदेशी कामगाराला मात्र बहुतेक ठिकाणी नोकरी संपल्यावर मिळणारी एकरकमी ग्रॅच्युइटीच असते. संयुक्त अरब अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा आणि त्यापुढे ३० दिवसांचा मूळ पगार मिळतो. सौदी अरेबियात पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला अर्ध्या महिन्याचा आणि पुढे पूर्ण महिन्याचा पगार मिळतो, आणि स्वतः राजीनामा दिल्यास दहा वर्षांपर्यंत त्यातही कपात होते. अमिरातीचा हिशेब मूळ पगारावर होत असल्यामुळे ऑफर लेटरमध्ये एकूण आकडा न पाहता मूळ पगाराची ओळ पाहावी. राहण्याचा आणि प्रवासाचा भत्ता फुगवून मूळ पगार कमी ठेवलेला असेल तर सही करण्यापूर्वी बोलावे. अनिवासी भारतीयाला एनपीएसचे, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचे खाते उघडता येते, त्यात दरमहा ठरावीक रक्कम टाकण्याची सवय पहिल्या पगारापासून लावावी. नवे पीपीएफ खाते अनिवासी असताना उघडता येत नाही. आधीचे असेल तर मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते.

असे करार परराष्ट्र मंत्रालय करते आणि त्यांची अंमलबजावणी ईपीएफओकडे असते. म्हणून आखाती देशांशी आणि अमेरिकेशी कराराची मागणी करणारे निवेदन खासदारांमार्फत परराष्ट्र मंत्रालयाकडे जावे, आणि त्यात कोणत्या देशात किती वर्षे काम झाले, किती वर्गणी कापली गेली आणि परत काय मिळाले याची कुटुंबागणिक माहिती असावी. नुसती भावना मांडणारे पत्र फाइलमध्ये पडून राहते, आकडे असलेल्या पत्राच्या आधारे लोकसभेत प्रश्न विचारता येतो.

पेन्शन मागण्याची वेळ आल्यावर

करार असलेल्या देशाचे पेन्शन मागण्यासाठी पुन्हा तिकडे जावे लागत नाही. बहुतेक करारांनुसार परदेशी पेन्शनचा अर्जही भारतात ईपीएफओकडे देता येतो आणि ते कार्यालय तो पुढे पाठवते. इथे अर्ज दिल्याची तारीख तिकडेही अर्जाची तारीख धरली जाते, म्हणून पोचपावती शिक्का आणि तारखेसह घ्यावी. भारतीय पेन्शनसाठी फॉर्म १०-डी भरावा. दोन्हीकडचे निवृत्तीचे वय वेगळे असल्यामुळे दोन पेन्शन एकाच वेळी सुरू होणार नाहीत. ईपीएसचे पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी मिळते, जर्मनीत १९६४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी वय ६७ आहे. मधल्या नऊ वर्षांची तरतूद पीएफच्या ठेवीतून करावी लागेल हे धरून चालावे. तिकडचे पेन्शन भारतातल्या आयकर विवरणपत्रात दाखवावे लागते, आणि तिकडचे कार्यालय हयातीचा दाखला मागते तेव्हा तो मुदतीत पाठवावा. नाहीतर पैसे येणे थांबते.

कर्ता माणूस परदेशात किंवा परतल्यावर वारला तर त्याच्या पत्नीला आणि २५ वर्षांखालील दोन मुलांना ईपीएसमधून कुटुंब पेन्शन मिळते, आणि अनेक देशांत वारसांना वेगळे पेन्शनही असते. घरातल्या कोणालाही विमा क्रमांक ठाऊक नसल्यामुळे ते मागितलेच जात नाही, असे फार वेळा घडते. म्हणून पीएफचे ई-नॉमिनेशन, म्हणजे वारसाची ऑनलाइन नोंद, लग्नानंतर आणि मूल झाल्यानंतर पुन्हा भरावे, आणि यूएएन, परदेशी विमा क्रमांक, मालकांची नावे-पत्ते, योजना प्रमाणपत्र व कव्हरेज प्रमाणपत्र यांची एकच फाइल करून ती पत्नीला किंवा आईवडिलांना दाखवून, कोणता कागद कोणत्या कार्यालयात द्यायचा ते त्यावर मराठीत लिहून ठेवावे.